उंदीरमामाचा सदरा

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी उंदीरमामाने पहिल्या पिंजऱ्यात हात घातला. उंदीर पळाला नाही. तळहातावर चढला, काट्यावर बसला. सव्वीस ग्रॅम. दहाच्या ठोक्याला खोलीतला दिवा आपोआप विझतो आणि प्रयोगासाठी उलटी केलेली उंदरांची रात्र सुरू होते. त्याआधी चोवीस वजनं व्हायला हवीत.

संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात मामाला अकरा वर्षं झाली. इथल्या उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापलेला असतो. आठ-दहा दिवसांत तो भरून येतो, पण पेशी वाटेल तेव्हा विभागत नाहीत. दिवसाची ठरावीक वेळ धरतात. उंदीर घाबरला की ताणाचं संप्रेरक रक्तात उसळतं आणि वाढ अडते. परका हात उंदरांना खपत नाही, मामाचा चालतो. त्याच हातांनी नोकरी पक्की झाली आणि सुटी बंद झाली.

आईच्या मोतीबिंदूची तारीख त्यापायी दोनदा हुकली. ऑपरेशनं सकाळी नऊलाच होतात, सहीला घरचं माणूस लागतं, आणि घरात हा एकटाच, बिनलग्नाचा. आई आता दारातला माणूस आवाजावरून ओळखते.

तिसरी तारीख उद्याची. तिच्यासाठी मामाने शक्कल लढवली होती. गेल्या आठवड्यात छत्तीसपैकी बारा उंदीर दोन दिवस बदली माणसाकडे सोपवले आणि त्याच्या अंगात स्वतःचा न धुतलेला सदरा चढवला. वासाला फसतील, हा हिशेब.

वजनं आटोपून तो बाहेर आला, तर प्रयोग चालवणाऱ्या मॅडम त्या बारांचा अहवाल घेऊन उभ्या. संप्रेरक दुप्पट, विभागणाऱ्या पेशी निम्म्या.

"बारा उंदीर वाया गेले, मामा. सुटीचं विसरा."

"वजनं संध्याकाळी घेतली तर?"

"तुम्हाला चालेल हो. यकृताला नाही चालत."

कपाटातून मोबाइल काढून त्याने घरी फोन लावला.

"आई, उद्या जमत नाही."

"सोडलं नाही ना उंदरांनी? शेजारीण येतेय माझ्याबरोबर. सून म्हणून सही करेल."

"अगं, माझं लग्न कुठं झालंय?"

"उंदरांशी झालंय, ते तिथं सांगत नाही एवढंच. पट्टी काढतील तेव्हा तरी समोर उभा राहा."

"कधी काढणार?"

"परवा. सकाळी दहाला."

आईनेच फोन ठेवला.

वाया गेलेल्यांच्या जागी नवे बारा उंदीर दुपारी आले. उद्यापासून रोज वजनं पुन्हा छत्तीस. पहिला पिंजरा नऊ तीसला.