व्याह्यांच्या दारी आलेल्या जाहिराती

करारपत्र न वाचता सही करणारी माणसे जगात पुष्कळ असतील. परंतु करारातल्या दुसऱ्या पक्षाला पाहुणा मानून त्याची सरबराई करणारा इसम एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. मुलीच्या सासऱ्याविषयी असे लिहावे की नाही, याचा मी रीतसर विचार केला आहे. लोकहितार्थ केलेले सत्यकथन ही अब्रूनुकसानी ठरत नाही.

हे गृहस्थ उचगावात राहतात. ते फोनवर बोलू लागले की मध्ये फोन कशाला हवा, असा प्रश्न पडतो. घरात म्हैस एकच, सोनी. पूर्वी दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवलेली सोनी मोटारसायकलीचा आवाज ऐकताच तिच्यामागे धावे आणि बघायला सारी गल्ली लोटे. आता ती भाकड झाली आहे. माझे जावई एकदा म्हणाले, "आबा, दूध न्हाय, काय न्हाय, नुसती वैरण खाती. इकूया." त्यावर व्याह्यांनी गोठ्यातूनच जाहीर केले, "तिची वैरण ती मिळवंल की! मी तिच्यावर ल्हितो. जाहिरातीचं पैसं येत्यात म्हणं." पाडव्यापर्यंत मुदत ठरली. सोनी दावणीला राहणार की बाजारात जाणार, हे आता एका ब्लॉगवर अवलंबून होते.

ब्लॉग माझ्या मुलीने उघडून दिला. सोनी कोणावर रुसते, पावसात कोणता कान आधी झटकते, नव्या पाहुण्याला कसे जोखते, असे रोज एक प्रकरण. वाचताना मी दोनदा हसलो, हे येथे नाइलाजाने नमूद करतो. अखेर एके सकाळी फोन गरजला, "पावणं, आली! जाहिरात आली! ट्रॅक्टरची हाय!" त्यानंतर जी जाहिरात येई ती हे गृहस्थ दाबत, उघडत आणि शेवटपर्यंत वाचत. साड्यांची, परदेशी शिक्षणाची, एकही सुटली नाही. जाहिराती देणाऱ्या कंपनीने त्यांचे कमाईचे खाते बंद केले. मी तातडीने उचगाव गाठले.

"आपण अटी वाचल्या नाहीत?"

"न्हाय."

"अहो, आपल्याच ब्लॉगवरची जाहिरात आपण दाबायची नसते!"

"असं कसं? दारात आलेल्याला या-बसा म्हणायचं न्हाय व्हय? तोंड फिरवून बसू?"

"केसांच्या तेलाचीसुद्धा?"

त्यांनी टकलावरून हात फिरवला. "त्येला काय ठावं मला टक्कल हाय? लांबनं आलता बिचारा."

माझा संताप अनावर झाला, अर्थात कंपनीवर. सदर कृत्यामागे लबाडीचा हेतू नसून आदरातिथ्य होते, हेतूवाचून अपराध कसला, असे सविस्तर अपील मी धाडले. उत्तर पापणी लवण्याच्या आत आले: निर्णय अंतिम आहे. तेवढ्या वेळात कोणा माणसाचे माझे संबोधनही वाचून झाले नसते! मग मी दुसरा अर्ज लिहिला, तो ज्यांच्या अधिकारात प्रकरण होते त्या जावयांना. भाकड झाल्याच्या कारणावरून कोणाला घराबाहेर काढायचे असेल, तर समन्यायाने आम्हा दोघा व्याह्यांनाही बाजार दाखवावा लागेल, एवढाच मुद्दा. जावयांचा फोन आला, "मामा, एवढं कडक कशाला ल्हिलंय? ऱ्हाऊ दे तिला. वैरण मी बघतो." आजवर अनेक कचेऱ्यांना अर्ज केले, मंजूर झालेला हा पहिलाच.

पाडव्याला गेलो तेव्हा सोनीची शिंगे रंगवलेली होती. बाहेर मोटारसायकल कडाडली. ती धावली नाही, पण कान ताठ झाले. व्याही मात्र अंगणात फोन हातात घेऊन गप्प बसले होते. त्यांना गप्प बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

"आता काय झाले? सोनी तर राहिली."

"ऱ्हायली की. पर रिकामं वाटतंय, पावणं. दिसभर पोरं कामाला. जाहिरात का हुईना, कोण तरी यायचं."



तेव्हापासून रोज सकाळी, स्वतःच्या पत्रव्यवहाराला हात घालण्यापूर्वी, मी त्यांचा ब्लॉग उघडतो. लेख संपूर्ण वाचून खाली रीतसर नोंद करतो: "समक्ष येऊन गेलो." कंपनीच्या यंत्रालाही लाजवील अशा तत्परतेने खाली उत्तर उमटते:

"गेलो काय म्हणता? बसा की पावणं, च्या टाकलाय."