मेव्हण्याचा बिल्ला

दवाखान्यातला वॉर्डबॉय रडतं मूल असं घट्ट धरायचा, की एक्स-रे पहिल्याच वेळी स्पष्ट यायचा. किरणं अडवणाऱ्या शिशाच्या हातमोज्यांत पकड सुटते, म्हणून ते तो खुंटीलाच अडकवून ठेवायचा. मशीन चालवायला त्याचा मेव्हणा. तो भिंतीआडून बटण दाबायचा, तरी किरणं मोजणारा बिल्ला त्याच्याच छातीवर आणि किरणांच्या कामाची म्हणून वर्षाला महिनाभर जादा रजाही त्यालाच. वॉर्डबॉयचा जळफळाट व्हायचा.

"दाजी, मोजे घाला," मेव्हणा म्हणायचा.

"तू रजा घे. काम मी करतो."

तीस वर्षांनी वॉर्डबॉयच्या बोटावरची जखम सहा महिने झाले तरी भरेना. डॉक्टर म्हणाले, "किरणांनी कातडीच्या पेशी थोड्याथोड्या मारल्या. आता जखम भरायला त्या उरल्या नाहीत. बोट काढावं लागेल. किती किरणं लागली, नोंद आहे?"

नोंद मेव्हण्याची होती. याला बिल्लाच नव्हता.

बोट काढल्यावर घरी जाताना मेव्हणा त्याच्या शर्टाची बटणं लावू लागला. मेव्हण्याची दहाही बोटं सरसर चालत होती. वॉर्डबॉय त्या बोटांकडे टक लावून बघत राहिला. रजेचं त्याला आता काही वाटत नव्हतं.