चाव्यांचा डबा

जानेवारीतला तिसरा रविवार. हजर: आई, मी, माझी मुलगी आणि आमच्या बिल्डिंगमधली तीन कुटुंबं. गैरहजर: नवरा, त्याची कंपनीत पाळी होती. ठिकाण: नॅशनल पार्क, येऊरची बाजू. आखणी सगळी माझी. डोंबिवलीहून मिनीबस मी ठरवली, ग्रुपवर सूचना मी टाकल्या. पाण्याच्या बाटल्या स्टीलच्या आणा, चिप्सची पाकिटं नकोत, भडक कपडे नकोत, आणि जंगलात कुठल्याही प्राण्याला काहीही खायला घालायचं नाही. शेवटची सूचना ठळक अक्षरांत.

येऊर मला लहानपणापासूनचं. आम्ही कोपरीत राहायचो आणि दर थंडीत बाबा आम्हाला तिकडे घेऊन जायचे. ओढ्याजवळ एक सपाट कातळ होता, जेवण तिथेच. आई डबे उघडायची, पण आम्हाला लगेच हात लावू द्यायची नाही. आधी भाकरीचा तुकडा मोडायची, वर गुळाचा खडा ठेवायची आणि सागाच्या पानावर तो घास कातळाच्या कडेला मांडायची. तिचं माहेर तळकोकणातलं. तिथे रानात जेवायला बसलं की पहिला घास राखणदाराचा, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाचा.

"तुझा राखणदार रोज जेवत असेल गं, आम्ही सकाळपासून उपाशी आहोत," बाबा म्हणायचे.

"त्याच्या घरी आलोय आपण. त्याला न विचारता पंगत मांडायची?" आई म्हणायची. मग बाबा मुकाट्याने थांबायचे. आम्हीही.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. नव्या जागी ती रुजेल की नाही ही मला काळजी होती. ती रुजली ती चाव्यांमुळे. आमच्या बिल्डिंगमध्ये नवरा-बायको दोघं सकाळीच बाहेर पडतात. कोणाचं पार्सल यायचं, कोणाचा मुलगा शाळेतून लवकर परत यायचा. हळूहळू एकेका घराची जादा चावी आईकडे आली. तिने त्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची नाडी बांधून. लाल कोणाची, पिवळी कोणाची हे तिने कधी लिहून ठेवलं नाही. मी चिठ्ठ्या चिकटवून देते म्हटलं, तर म्हणाली, "चोराची सोय कशाला करतेस?" दुपारी बेल वाजली की ती डबा घेऊनच दार उघडायची. बाबा गेल्यापासून तिला इतकं ताठ चालताना मी पाहिलं नव्हतं.

तर त्या रविवारी आम्ही जेवायला बसलो. कातळ तोच होता की नाही सांगता येत नाही, पण आईला तोच वाटला. मी सगळ्यांना पत्रावळ्या वाटत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ आजी, काय ठेवताय तिथे? माकडं येतात मग अंगावर. गेटवर पाटी नाही वाचली?"

वनरक्षक होता. आईसमोर पान, पानावर भाकरीचा तुकडा आणि गूळ. आई काही सांगणार एवढ्यात आमच्या खालच्या मजल्यावरची मैत्रीण हसली. "अगं, नियम तर तूच टाकलेलास ग्रुपवर! तोही ठळक!" सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण माझे कान तापले. वनरक्षक दंडाचं बोलायला लागला आणि मी पुढे झाले.

"जाऊ द्या हो दादा. त्यांना समजत नाही आता. विसरतात सगळं. वय झालंय." असं म्हणताना मी डोक्याजवळ बोटं नेऊन जराशी फिरवली.

त्याचा चेहरा मऊ झाला. "मग एकटं सोडू नका त्यांना," म्हणाला आणि निघून गेला. मैत्रिणीचं हसू गेलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू कधी बोलली नाहीस गं."

त्या क्षणी "छे गं, दंड चुकवायला म्हटलं" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "काय बोलायचं?"

आईने तो तुकडा उचलला, गूळ झटकला, दोन्ही आपल्या डब्यात ठेवले आणि झाकण लावलं. पान तिथेच राहू दिलं. परतताना बसमध्ये तिने नेहमीसारखं नातीला संत्रं सोलून दिलं, शिरा काढून. घरी आल्यावर चप्पल काढता काढता एवढंच म्हणाली, "दंड भरला असता गं मी. पैसे होते माझ्याजवळ."

मला वाटलं, विषय संपला. पण बिल्डिंगमध्ये तो सुरू झाला होता.

लिफ्टमध्ये बायका आईशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. खालची मैत्रीण एकदा आईसमोर वाकून म्हणाली, "काकू, ओळखलंत ना मला?"

"ओळखलं की," आई म्हणाली. "गणपतीत नळ चालू ठेवून माहेरी गेली होतीस, ती तूच ना? मीच येऊन बंद केला."

मैत्रीण कसनुशी हसली. मग माझ्याकडे बघून, हळूच, "आज बऱ्या आहेत, नाही?" मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मलाही ठरवता आलं नाही.

त्यानंतर चाव्या जायला लागल्या. अगदी प्रेमाने. कोणाकडे पाहुणे येणार होते, कोणी कुलूपच बदललं. "काकूंना उगाच त्रास नको." नेलेली चावी परत आली नाही. आई प्रत्येक वेळी नाडी सोडवून घ्यायची आणि चावी द्यायची. नाड्या डब्यातच राहिल्या. दुपारी बेल कमी वाजायला लागली. आई टीव्हीसमोर बसू लागली, आणि टीव्ही बंद असायचा.

एकदा न राहवून मी म्हटलं, "आई, मी सांगते त्यांना सगळं."

"सांग की," ती मेथी निवडत म्हणाली. "मला काही लागलं नाही. फक्त त्या ओरडून बोलतात, त्याने डोकं दुखतं."

हे उन्हाळ्यातलं. आता पुन्हा थंडी आली आहे. पार्कला कधी जायचं असं ग्रुपवर तीनदा विचारून झालंय. गेल्या आठवड्यात खालची मैत्रीण दारात आली. डब्यात आता एकच चावी उरली होती, तिची, लाल नाडीची. "सुतार येणारे आमच्याकडे, चावी लागेल जरा."

"आणते," म्हणत आई आत गेली. दारात मी आणि ती, दोघीच. आतून झाकण उघडल्याचा आवाज आला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. महिनोन्महिने घोटलेलं, लहानसं वाक्य. मी विचारलं, "काय करून घेताय? ट्रॉली का?"

"हो गं, किचनची."

आई आली. नाडी सोडवली, चावी दिली. "ओट्याखालचं दार जरा फुगलंय, तेवढं दाखव त्याला," म्हणाली. मैत्रिणीने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, लहान मुलाने कविता म्हटल्यावर पाहतात तसं.

काल मी ग्रुपवर सहलीची यादी टाकली. बस ठरली. पाणी कोण आणणार, चटया कोण, औषधांची पिशवी कोणाकडे, प्रत्येक कामासमोर नाव आहे. आईला विचारलं, येतेस ना? "बघू," म्हणाली. यादीच्या खाली मी आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या, आईला सगळं समजतं, तेव्हा मी खोटं बोलले, अशा. पाठवण्याआधी त्या खोडल्या. असं ग्रुपवर सांगत नाहीत, एकेकाच्या घरी जाऊन सांगावं, असं वाटलं. सुरुवात खालच्या मजल्यापासून करायला हवी. अजून गेलेले नाही.