स्टुडिओच्या पडद्यावरचे ढग

माझा नवरा पेंटर होता. बाहेर मी त्याला नेहमी 'अहो'च म्हटलं. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून इथं एकेरी लिहिते.

पोलीस अॅक्शन होऊन राज्य बदललं, त्यानंतर त्याला कामाची कमी नव्हती. शहरातल्या दुकानांवरच्या उर्दू पाट्या उतरत होत्या आणि मराठी पाट्या चढत होत्या. अक्षर त्याचं सुरेखच होतं, ते मी नाकारत नाही. पुढं सिटी चौकाच्या बाजूला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं त्याला स्टुडिओचे पडदे रंगवायला दिले. त्या फोटोग्राफरला सगळे चाचा म्हणायचे. लोक पडद्यापुढं खुर्चीवर बसून फोटो काढायचे, तसले पडदे. खाली दगडी कठडा, एक कमान, आणि वर आभाळ.

कठडा नवऱ्याला जमायचा, कमानही जमायची. आभाळ जमत नव्हतं. पहिला पडदा त्यानं गर्द निळा रंगवला आणि त्यावर पांढरे ढग काढले. फोटो धुऊन आला तर वर नुसता कोरा कागद.

"क्या पेंटर, तुमारे बादलां किधर गए?" चाचा फोटो नाचवत आमच्या दारात उभा राहिला. "निळा आन पांढरा, कॅमेऱ्याला दोन्ही एकच दिसतात. इतना भी नै मालूम?"

नवऱ्यानं मग काळा रंग घेतला. त्यात काढलेले ढग पिंजलेल्या कापसाचे गोळे दिसत होते, सगळे एका मापाचे, ओळीत मांडलेले. त्यानं ते दोनदा पुसले आणि चिडून बाहेर निघून गेला.

माझं माहेर खुलताबादकडं, डोंगरावर. तिथं ढग अंगणात उतरतात. त्यांचं बूड सपाट असतं आणि डोकं फुगलेलं, हे मला शिकवायला कुणी लागलं नाही. लांबचे ढग बारीक होत जातात आणि जमिनीजवळ आभाळ फिकं पडतं, हेही दिसतंच की. अंगणात पडद्याचा मांजरपाट ताणलेला होता, पुसल्यानं ओला होता. काजळी, गेरू आणि हाडांचा सरस यांचं मिश्रण वाडग्यात तयार होतं. मी ते वर दाट आणि खाली पातळ फासलं. मग भांडी पुसायचं फडकं ओलं करून ढगांच्या जागचा रंग टिपून घेतला. वरून टिपायचं, बुडाला हात लावायचा नाही. डोळ्याला तो पडदा चिखलासारखा दिसत होता. फोटोत आभाळ झालं.

चाचा खूश झाला. नवरा म्हणाला, "आता हात बसलाय माझा."

मी आत होते. ऐकलं आणि पीठ मळत राहिले. बोलायची मला सवय नव्हती.

त्यानंतर प्रत्येक पडद्याचं आभाळ मी काढलं. तो आतून कडी लावायचा, कुणी बघू नये म्हणून. मला त्याचंही काही वाटत नव्हतं. एकदा लेकीला घेऊन फोटोला गेले तेव्हा स्टुडिओतली मोठी काचेची खिडकी मी नीट बघून ठेवली. पडद्याकडं तोंड केलं की ती डावीकडं येते. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड त्याच बाजूनं पडतो, मग ढगांवरही तिथूनच पडला पाहिजे. मी तसंच काढत गेले. नवऱ्याच्या हे कधी लक्षातही आलं नाही.

एका दुपारी चाचा चहाला आला. "पेंटर, ये बादलां किसने सिखाए?"

नवरा मांडी घालून बसला होता. "मला कोण शिकवणार, चाचा? घरात ही चौथी पास. हिला ढग अन् कापूस सारखाच."

दोघं हसले. मी कपबश्या घेऊन दारात उभी होते. चहा ठेवला आणि आत आले. कापसाचे ढग त्याचे होते. ते त्यानं माझ्या पदरात टाकले होते.

लग्नसराईसाठी चाचानं मोठा पडदा सांगितला. मी तो रंगवला, आजवरचा सगळ्यात चांगला. फक्त उजेड उजव्या बाजूनं घेतला. नवऱ्यानं पडदा पाहिला आणि म्हणाला, "झकास." मी मनात म्हटलं, थांब.

पडद्याची गुंडाळी एकट्याला उचलेना, म्हणून दुसरं टोक मी धरलं. स्टुडिओत नवरदेव-नवरी खुर्च्यांवर बसलेली, मागं वऱ्हाड. पडदा लावला. चाचानं कॅमेऱ्यातून पाहिलं, काळं फडकं डोक्यावरून काढलं, परत घातलं, परत काढलं.

"मियाँ, दुल्हे पे धूप इधर से, बादलां पे उधर से. दो सूरज निकलते क्या तुमारे घर पे?"

"वाळल्यावर बरोबर दिसंल, चाचा."

"सूखेला है ये. हात लगा के देखो."

नवरदेवाचा मामा म्हणाला, "अहो, ढगावर ऊन कुठून बी पडू द्या, आमच्या पोराच्या टोपीवर पडलं म्हंजे झालं!"

वऱ्हाड हसलं. चाचा हसला नाही. त्यानं पाण्याचं वाडगं, रंग आणि ब्रश आणून नवऱ्याच्या हातात दिले. "पाव घंटे का काम है. करो."

नवऱ्यानं एका ढगाला पांढरा लावला. गोळा झाला. दुसऱ्याला लावला, तोही गोळा.

"गादीवाल्याला बोलवा रं," मामा म्हणाला.

तेव्हा नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दाराशी पदर सावरून उभी होते. 'ढग ही काढते' एवढंच त्यानं म्हणायला पाहिजे होतं. मी लाजरी, पण तेवढ्या माणसांत पुढं होऊन पडदा दुरुस्त करून दिला असता. फडकं माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

तो म्हणाला, "आज हात दुखतोय."

मी भिंतीकडं पाहिलं. चाचानं आमचा पडदा काढून जुना लावला.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"व्हय."

"लोकांत माझी इज्जत घालवलीस."

"माझं नाव घ्यायचं होतंत."

"बाईनं काढलेला पडदा कोण घेणार?"

"चाचा घेत होता की इतके दिवस," मी म्हटलं. त्यानं ताट सरकवलं.

महिनाभर पडद्याचं काम आलं नाही. मग एका सकाळी त्यानं अंगणात कोरा मांजरपाट ताणला, ओला केला. शेजारी काजळी, गेरू, गरम सरस आणि फडकं ठेवलं. माझ्याशी चकार शब्द न बोलता आतून कडी लावली आणि ओसरीवर पाठ करून बसला. मी ज्वारी निवडत होते. माझ्या बोटांना ओलं कापड जाणवत होतं, ते खोटं कशाला लिहू. पण तो एकदा जरी वळून 'तू काढ' म्हणाला असता तर!

दुपारपर्यंत कापड वाळलं. तो उठला आणि पाट्यांच्या कामावर गेला. सरस दोन दिवस तिथंच पडून नासला, घरभर वास सुटला. त्यानं तो उचलला नाही, मीही नाही. शेवटी शेजारीण ओरडायला आली.