पुसून आणलेले वाल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. निवृत्त झाल्यावर तो सगळा उत्साह भाजीवाले, दूधवाले आणि लिफ्ट दुरुस्त करायला येणारी माणसं यांच्या वाट्याला आला. नवरा म्हणतो, "तू देवळातल्या प्रसादाचासुद्धा वास घेऊन बघतेस." घेते. काय बिघडलं?

आमची बिल्डिंग भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका रविवारी गेटपाशी एक बाई गोणी उघडून बसली. वय साधारण माझ्याएवढंच. माहेर खारीतलं, सासर वसईच्या पलीकडे. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तेवढ्यावर आणि थंडीतल्या दवावर तिच्या शेतात कडवे वाल होतात म्हणाली. खत नाही, फवारणी नाही. बी सासऱ्यांच्याही आधीपासूनचं, दर वर्षी घरीच राखलेलं. मी मनात म्हटलं, सांग बाई, सांग. हल्ली ऑरगॅनिक म्हटलं की लोक डोळे मिटून घेतात. बाजारातून गोणी उचलायची आणि 'घरच्या शेतातले' म्हणून बसायचं, यात कसली आलीय मेहनत?

वाल दिसायला गबाळेच होते. काही तांबूस, काही करडे, लहानमोठे, आणि सगळ्यांवर राख.

"ही राख कसली गं? वजन वाढवायला?"

"राखंत ठेवल्याबिगर टिकत न्हाय वो बाय. भुंगा लागतो."

"ते तुझ्या घरी. इथे आणताना स्वच्छ करून आणायचे. आमच्या बिल्डिंगीत असला कचरा कोणी घेणार नाही."

तरी किलोभर घेतले, कारण कडवे वाल मला सोडवत नाहीत. रात्री भिजत घातले, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात टाकून सोलले आणि डाळिंब्यांची उसळ केली. काय सांगू! तो मागून हळूच येणारा कडवटपणा मी कित्येक वर्षांत चाखला नव्हता. नवऱ्याने वाटी चाटून ठेवली. मी दोन वेळा वाढून घेतलं आणि तरी म्हटलं, बघू, पुढच्या वर्षी हिची खरी परीक्षा.

पुढच्या मार्चमध्ये ती आली. गोणी उघडली आणि मी चमकले. वाल चकचकीत! राखेचा कण नाही. एक दाणा पांढऱ्या रुमालावर घासला, तर तेलकट डाग पडला. माझ्या अंगात जुनी बाई संचारली. सापडली! गेल्या वर्षी खरा माल दाखवून गिऱ्हाईक बांधलं आणि आता पॉलिश केलेला बाजारचा माल गळ्यात मारतेय.

तोंडावर काही बोलले नाही. कॉपी करणाऱ्याला लगेच उठवायचं नसतं, आधी बोलतं करायचं असतं. "यंदा माल बराच दिसतोय," म्हटलं.

"जरा जास्तीच पेरला," ती म्हणाली. "पोराला शेताची ती जागा मोकळी पायजे. तिथं तो गाड्या धुवायचा सेंटर काढतोय. मला बोलला, आय, लोकांना तुझा वाल पायजे असंल तर पेर, मी आड न्हाय येत. पन गोनी न खपता परत आली, तर यंदाचा वाल शेवटचा."

मी ऐकलं आणि मनात म्हटलं, वा, गोष्टही छान रचलीय. पुरावा म्हणून पाव किलो घेतले. वर जाऊन बिल्डिंगच्या ग्रुपवर हिंदीत लिहिलं, सगळ्यांना कळावं म्हणून. गेटवरचे वाल तेल लावून पॉलिश केलेले आहेत, शेतातले नाहीत, घेऊ नका. खाली रुमालाचा फोटो. बाराजणांनी अंगठे वर केले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

ती त्या रविवारी बसली, पुढच्या रविवारी बसली. लोक तिच्यासमोरून जात होते, आणि कोणी वाकत नव्हतं. मी गॅलरीतून बघत होते.

मधल्या काळात पुरावा शिजवला. चव तीच! तोच मागून येणारा कडवटपणा. नवरा म्हणाला, "झालं ना समाधान? आता ग्रुपवर लिही तसं." मी म्हटलं, "छे! वरचे वाल खरे आणि गोणीच्या तळाशी भेसळ, असंही असू शकतं." त्याने कपाळावर हात मारून घेतला. पण मला चैन पडेना. शेवटी शनिवारी दुपारी पत्ता विचारत विचारत खारीत तिच्या भावाच्या घरी गेले, तिला रंगेहाथ पकडायला. दुसरं काही नाही.

ओटीवर ती आणि तिची वहिनी बसल्या होत्या. एका बाजूला राखेने माखलेल्या वालांचा ढीग. दोघींच्या हातात जुन्या लुगड्याचे तुकडे. मूठभर वाल घ्यायचे, फडक्यात चोळायचे, राख गेली की दुसऱ्या फडक्याला गोडेतेलाचा थेंब लावून पुन्हा पुसायचे आणि सुपात टाकायचे. दोघींची बोटं राखेने काळी झाली होती.

"हे काय करताय?" मी विचारलं.

वहिनी म्हणाली, "काय करनार, भायंदरची मान्सं राखेला नाक मुरडतात. तीन शनवार झाले, ह्योच धंदा. नुसती राख पुसली तर दाना पांढुरका दिसतो, म्हनून तेल."

ती मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमीच बोललावता ना बाय, स्वच्छ करून आन."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पाणी घ्या, चहा घ्या, असं वहिनी म्हणत होती आणि मी पायरीवर उभी होते. माफी मागायला तोंड उघडलं, पण ग्रुपवर काय लिहिलं होतं ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. घाबरट मी! म्हटलं, आधी निस्तरू, मग सांगू.

घरी येऊन लिहिलं की माझी चूक झाली, वाल शंभर टक्के घरचे आहेत, मी स्वतः बघून आले. अर्ध्या तासात पाचव्या मजल्यावरच्या गुजराती बेननं विचारलं, "आंटी, दो हफ्ते पहले तो आपने ही मना किया था?" दुसऱ्या एकानं लिहिलं, "कमिशन तय हो गया क्या?" आणि पुढे हसणारी चार तोंडं. मी चिडून लांबलचक उत्तर लिहिलं. जितकं लिहावं तितका लोकांना जास्त संशय येत गेला. मी त्यांच्या जागी असते, तर मलाही आला असता.

रविवारी मी स्वतः खाली जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवलं, "घ्या हो, खूप चांगले आहेत." दोघींनी घेतले, तेही माझ्याकडे चोरून बघत. दुपारी बाराला ती गोणीचं तोंड बांधायला लागली. अर्ध्याहून जास्त माल तसाच होता.

"थांब," मी म्हटलं. "सगळे मी घेते."

"सगले? दोन मान्सांचं घर तुमचं. काय करनार?"

मग मी सांगून टाकलं. रुमाल, फोटो, ग्रुप, सगळं. भर उन्हात गेटपाशी, वॉचमनसमोर. ती गाठ मारता मारता थांबली. ओरडेल असं मला वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हनून कोन येत नव्हता," एवढंच म्हणाली. मग गोणीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, आता लोक वालच खात न्हाईत."

"म्हणून तर म्हणते, मला दे. मुलाला सांग, सगळे संपले."

"त्यानं इचारलं, कोनी घेतले? तर काय सांगू? एका बाईनं, चूक झाली म्हनून?" तिनं मला एक किलो मोजून दिले, हाताने, एक मूठ वर घालून. बाकीची गोणी रिक्षात टाकली आणि गेली.

यंदा मार्चचे चारही रविवार मी गेटपाशी चकरा मारल्या. ती आली नाही. शेवटी खारीत गेले. वहिनी एकटीच होती. तिनं बस म्हटलं नाही.

"पेरले न्हाईत," ती म्हणाली. "गाड्या धुतात तिथं आता."

"आणि बी? बी तरी ठेवलं असेल ना?"

"गोनी घरी गेली तशी तिनं राखेचा डबापन उपडा केला. बियानं, इकायचं, सगलं एकत्र शिजवलं. पुऱ्या गावाला जेवन घातलं. एक दाना न्हाय राखला."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर समोरचा माणूस खोटं बोलतोय का, एवढंच मी शोधत आले. त्या ओटीखाली उभं राहून मी पहिल्यांदाच मनापासून मागणं मागितलं, देवा, ही बाई माझ्याशी खोटं बोलत असू दे.