हाहा मिताई
तेव्हा उदगीरला जिल्हा होणार, जिल्हा होणार म्हणून नुसता गजर चालू होता. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही आलं तर. लातूर पडलं जिल्ह्याचं गाव, त्यांचं पाणी थाटात रेल्वेनं यायचं. आणि या सगळ्यात मी, नर्सिंग झालेली बाई, जपानी शिकत होते. तिकडं म्हाताऱ्यांची सेवा करायला पोरी पाहिजेत म्हणे.

सर शिकवायचे, आपल्या एका 'सारखं'ला जपानीत दोन शब्द. जे नाही, पण तसं वाटतं, ते मिताई. जे आहे आणि त्याला शोभतं, ते राशी. "आपलं गाव जिल्हा-मिताई," सर म्हणाले. मी म्हणलं, "आन् लातूर जिल्हा-राशी! तहानसुद्धा जिल्ह्याला शोभंल अशी." सरांना विनोद कळायचे न्हाईत.

जपानीत स्वतःच्या आईला 'हाहा' म्हणतात. हसू नका, मी हसून घेतलंय. माझ्या नोकरीच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात सरांनी मोठ्या अक्षरात 'सावत्र' भरलं होतं. सर लई प्रामाणिक, दुसऱ्याच्या बाबतीत. म्हणाले, "मुलाखतीत 'हाहा-मिताई' म्हणायचं. राशी म्हणलीस तर कागद आणि तोंड जुळायचं नाही, अन् नोकरी गेली."

मुलाखत दुपारी, सरांच्या क्लासात, मोबाईलवर झाली. माय टँकरच्या रांगेतून तशीच आली, भिजल्या पदरानं शेजारी बसली. मी चार वर्षांची होते तेव्हापासून हिनंच मला वाढवलं. पडद्यावरच्या बाईनं गोड आवाजात विचारलं, घरी कोण असतं? मी म्हणलं, हाहा. तिनं फॉर्म बघितला आणि विचारलं, "हाहा मिताई ना हितो?" म्हणजे आईसारखं वाटणारं माणूस? सर मोबाईलमागून 'हाव म्हण, हाव म्हण' म्हणून मान डोलावत होते. माझं डोकंच सणकलं. "न्हाई!" म्हणलं, तेही मराठीत. मग जपानीत म्हणलं, "हाहा राशी हाहा देस." आईला शोभेल अशी आई आहे.

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. नोकरी मिळाली, पण उशिरा, चार कागद जास्तीचे देऊन.

त्या दुपारी मोबाईल बंद केल्यावर मायनं विचारलं, "ती बाई माझ्याबद्दल काय म्हणत होती गं?"

"तू कोण म्हणून विचारत होती."

"मग?"

"माझी आई हाय म्हणलं."

"बस्स? एवढं सांगायला सहा महिने क्लास लावला व्हय गं?"