आरे-वारेचा चढ आणि एक कोरियन मालिका

नसीमाने हँडब्रेक ओढला तरी गाडी मागे गेली. हातभर, मग आणखी हातभर. मागे चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. त्याने हॉर्न वाजवला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. डावीकडे रस्ता संपत होता आणि खाली समुद्र होता. कठडा नव्हता.

"बोलू नकोस," नसीमा म्हणाली.

मी बोलत नव्हते.

तिने क्लच अर्धा सोडला. इंजिन घरघरलं, गाडी थरथरली आणि थांबली. क्षणभर ती ना वर जात होती ना खाली. मग वर गेली. वळणावर नसीमाने गाडी कडेला घेतली, तेव्हा ट्रक शेजारून पुढे निघाला. ड्रायव्हर बाहेर वाकून म्हणाला, "वहिनी, दादांना घेऊन यायचं होतं की!"

"दादा सोमवारी येतायत," नसीमा म्हणाली. ट्रक तोवर गेला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली नव्हती.

ही शनिवारची सकाळ. ठिकाण रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता. ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळी लवकर जावं, उन्हं डोळ्यांवर येत नाहीत. आणि चालवणारा शिकाऊ असेल तर दुसऱ्या, आतल्या रस्त्याने जावं.

मी आदल्या दिवशी कोल्हापूरहून आले. साधी एसटी, आंबा घाटातून, साडेचार तास. घाटात माकडं खिडकीपर्यंत येतात, हातात खाण्याचं काही ठेवू नये. साखरप्याला बस वीस मिनिटं थांबते. चहा बरा असतो, वडा नको. मी आधीपासून सुट्टी काढली नव्हती. नसीमाचा फोन बुधवारी आला आणि मी शुक्रवारची कॉलेजातली रजा फोनवरच टाकली.

नसीमा आणि मी एम.ए.ला कोल्हापूरला एका खोलीत होतो. विषय मराठी. पुढे मी शिकवायला लागले. ती लग्न होऊन रत्नागिरीच्या उत्तरेला एका खाडीकाठच्या गावात गेली. गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. तिचा नवरा सलीम कुवेतला एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस आहे. वर्षात अकरा महिने तिकडे, एक महिना इकडे. त्या गावात बहुतेक घरं अशीच चालतात. बाई वीजबिल भरते, आंब्याची बाग खंडाने देते, जमिनीच्या मोजणीला उभी राहते, बँकेत मॅनेजरशी भांडते. महिनाभर पुरुष येतो, आणि त्या महिन्यात बाईला यातलं काही येत नसतं. हे कुणी ठरवलेलं नाही. तो विमानात बसला की सगळ्यांच्या अंगात आपोआप येतं.

फोनवर नसीमा म्हणाली होती, "सलीम सोमवारी सकाळी रेल्वेने उतरतोय. त्याआधी ये. मला शेजारी बसायला कुणीतरी हवंय."

गाडी सलीमनेच घेतलेली. दोन वर्षांपूर्वीच्या रजेत. तो परत गेल्यावर ती शेडमध्ये कापडाखाली राहिली. नसीमाने गेल्या पावसाळ्यानंतर शहरात जाऊन क्लास लावला, लायसन काढलं आणि कापड काढलं. घरात सगळ्यांना माहीत होतं. तिच्या सासूला, मुलीला, शेजारणींना. दर शुक्रवारी कुवेतचा फोन येतो. त्या फोनवर मात्र कुणालाच काही माहीत नसायचं.

"तो ओरडेल का?" मी विचारलं.

"सलीम ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं." मग तिने शिकवणीचं सांगितलं. मागच्या रजेपर्यंत ती घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घ्यायची. सलीम आला. दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मुलं आली तेव्हा त्याने दारातच त्यांना सरबत दिलं आणि म्हणाला, आता मॅडमना आराम हवा. सगळं हसून. शिकवणी परत सुरू झाली नाही.

सोमवारी ती स्टेशनवर गाडी घेऊन जाणार होती. एवढंच ठरलं होतं. त्याला आणायचं, आपण चालवत. किल्ली द्यायची नाही.

आता मालिकेचं.

मी शुक्रवारी दुपारी पोचले, जेवले. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. हात धुते तोच अंगणात चपला वाजायला लागल्या. सात-आठ बाया आल्या आणि पुढच्या खोलीत भिंतींना टेकून बसल्या. त्या दिवसांत वीज सकाळी जायची आणि अडीचला यायची. अडीचला पंखा फिरला. नसीमाने टीव्ही लावला, डीव्हीडी घातली. पडद्यावर कोरियन अक्षरं आली.

या डीव्हीडी सलीमनेच पाठवल्या होत्या. त्याच्या ऑफिसातल्या एका फिलिपिनो बाईने दिल्या, त्याने न बघता खोक्यात टाकल्या, बदाम आणि साबणांबरोबर. खाली इंग्रजी ओळी येतात. इंग्रजी वाचणारी घरात एकटी नसीमा. म्हणून ती टीव्हीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसते, मान तिरकी करून ओळी वाचते आणि लगेच त्यांच्या बोलीत मोठ्याने सांगते. सगळी पात्रं एकाच आवाजात.

आधीचे भाग मला बायांनी तोंडीच सांगितले. गोष्ट बंदरातल्या एका मुलीची. ती पहाटे मासळीचा लिलाव पुकारते. बाप बुडालेला, दोन भाऊ शाळेत. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाचा मुलगा बर्फाचा भाव वाढवतो, ती त्याच्या ऑफिसात जाऊन टेबलावर ओली सुरमई ठेवते. अशी सुरुवात. आठ भाग ती कुणाचं ऐकत नाही. त्याचा घमेंडखोरपणा ती रोज थोडा उतरवते. बाया खूश होत्या. लिलावाच्या प्रसंगात जुबेदा नावाची शेजारीण पडद्याकडे बघत भाव ओरडून सांगत होती.

मला हे नवं होतं. मराठी मालिकांत तेव्हा बाई रडायची किंवा कट करायची. ही काम करत होती. तिच्या नखांत खवले होते. पण मी साहित्य शिकवते, मला दुसरंही दिसत होतं. जसजसं प्रेम वाढतं तसतशी ही मुलगी स्वतः काही करायची कमी होते. तिला ताप येतो. ती पडते. तो तिला पाठीवर घेतो. तो तिचं मनगट धरून तिला गर्दीतून ओढत नेतो आणि मागे संगीत वाजतं, म्हणजे आपण घाबरायचं नाही, खूश व्हायचं. तो तिला गाडीत बसवतो आणि वाकून तिचा पट्टा लावतो.

नसीमाची सासू, म्हणजे बायांची खाला आणि नसीमाची अम्मी, सुपारी कातरत होती. म्हणाली, "ही दोन मणाची टोपली उचलते नि पट्टा लावता येत नाही हिला?"

"प्रेम आहे गो ते, खाला," जुबेदा म्हणाली.

"प्रेम आहे तर टोपली धर म्हणावं."

सगळ्या हसल्या. अकरावा भाग चालू होता. पडद्यावर मुलगी खाली मान घालून म्हणाली, माझं चुकलं, मी तुला आधी विचारायला हवं होतं. खाली तसं लिहून आलं. मी वाचलं.

नसीमाने सांगितलं, "मी तुला विचारलं नाही, कारण विचारायचं काही कारण नव्हतं."

बायांनी माना हलवल्या. मी नसीमाकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती.

शनिवारी, तो चढ संपल्यावर, मी तिला विचारलं. कधीपासून?

"नवव्या भागापासून," ती म्हणाली. "त्याने तिला हाताला धरून ओढलं. अम्मी म्हणाल्या, 'सोड' म्हण म्हणावं तिला. ती म्हणतच नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, जसं मीच म्हणत नाहीये. मग मी म्हटलं. 'सोड.' नंतर मागे येता येईना."

"शेवट काय आहे?"

"बघितला नाही. भीती वाटते."

नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे. पुळ्याला शनिवारी गर्दी असते. देवळाच्या मागच्या गल्लीत एका घरात केळीच्या पानावर जेवण मिळतं, आधी सांगावं लागतं, मोदक जास्त सांगावेत. मासे हवे असतील तर तिथे मिळणार नाहीत. पुढे मालगुंडला एका कवीचं घर जपून ठेवलंय. आम्ही दोघी मराठीच्या एम.ए. आणि आत गेलो नाही, कारण गाडी लावायला जी जागा होती ती उतारावर होती. नसीमा तीनदा पुढे-मागे झाली आणि म्हणाली, "नको. निघता आलं नाही तर?" आम्ही बाहेरूनच फाटक बघितलं.

परतताना गावाच्या वेशीवर सलीमचा चुलतभाऊ इक्बाल टपरीवर उभा होता. त्याने हात केला. नसीमाने गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं.

"भाभी, सोमवारी मी जातो ना स्टेशनवर. रिक्षा सांगून ठेवलीय."

"नको. मी जाते."

"तुम्ही?" तो हसला, वाईट नाही. खिडकीवर हात ठेवून म्हणाला, "भाईला वर्षाने घरी येऊ द्या सुखाने. एक महिन्याचा तर प्रश्न आहे."

नसीमाने त्याचा हात हलण्याची वाट बघितली. तो हलला तेव्हा गाडी काढली. घरी आल्यावर तिने गाडी शेडमध्ये लावली, कापड घातलं. थोड्या वेळाने जाऊन कापड काढलं. तासाभराने परत घातलं. मी बघत होते हे तिला माहीत होतं.

रविवारी शेवटचा भाग. सलीम आल्यावर दुपारी कुणी येणार नव्हतं, म्हणून आजच संपवायचं. अकरा बाया होत्या. एकीने फणसाचे तळलेले गरे आणले होते. अडीचला वीज आली.

पडद्यावर मुलीने लिलावाची घंटा दुसऱ्याच्या हातात दिली. बर्फवाल्याला राजधानीत मोठी जागा मिळाली होती. ती बंदरावर उभी होती, पांढऱ्या कोटात, हात स्वच्छ. भाऊ रडत होते. तो गाडीचं दार उघडून उभा. ती बोलायला लागली.

नसीमा गप्प.

"वाच गो," जुबेदा म्हणाली.

खाली ओळ आली आणि गेली. दुसरी आली. मुलगी गाडीत बसली. त्याने वाकून पट्टा लावला. आता काहीही सांगून उपयोग नव्हता, गाडी बंदरातून बाहेर पडताना सगळ्यांना दिसत होती.

"ती म्हणते," नसीमा शेवटी म्हणाली, "तू म्हणशील तसं. मला आता दुसरं काही नको."

जुबेदा म्हणाली, "एवढा आरडाओरडा केला ती बाई कुठे गेली?"

"होती कुठे?" खाला म्हणाली. ती सुपारीकडेच बघत होती. "नवव्यापासून तोंड माफी मागणाऱ्याचं नि बोल भलतेच. मला इंग्रजी येत नाही, तोंड वाचता येतं."

नसीमाचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. घरातली एकच गोष्ट खालाच्या शब्दावर चालते आणि ती म्हणजे घर.

"अम्मी, तुम्ही बोलला नाहीत?"

"कशाला? ऐकायला बरं वाटत होतं." खालाने अडकित्ता मिटला. "पण गाडीचं सलीमला मी काय सांगणार नाही हां. तो विचारेल, अम्मी, तुला माहीत होतं? मी म्हणेन, होतं. त्याच्या पुढचं तुझं तू वाचायचंस. तिथे खाली लिहून येणार नाही."

बाया उठल्या. कुणी नेहमीसारखं दारात थांबून बोललं नाही. गऱ्यांची थाळी तशीच राहिली.

मी साडेचारची एसटी पकडली. नसीमा मला स्टँडवर सोडायला आली, गाडीनेच. उतरताना मी म्हटलं, मी थांबू का उद्यापर्यंत? ती म्हणाली, "थांबलीस तर तो तुझ्यासमोर हसेल. मग मला खरं काय ते कळणार नाही." तिने गाडी वळवली तेव्हा मागून येणाऱ्या बसने कचकन ब्रेक मारला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पुलाच्या दिशेने लहान होत गेली होती.

घाटात काळोख पडला. नऊच्या सुमाराला कोल्हापूर. नवरा न्यायला आला होता. त्याने विचारलं, काय काय बघितलं? मी म्हटलं, समुद्र. आरे-वारे फार सुंदर आहे, हे खरं आहे. दोन्ही बाजूंचे किनारे वरून दिसतात, मधे एकही घर नाही. जायला हवं सगळ्यांनी. पण मला आठवत होता तो रस्ता नव्हे, तर गाडी मागे जात असतानाचं ते अर्धं मिनिट, आणि मी शेजारी नुसती बसले होते ते. मला गाडी चालवता येत नाही. वर्गात मी दरवर्षी कादंबऱ्यांतल्या धीट नायिकांवर प्रश्न काढते, दहा गुणांचा. उत्तरात मुली काय लिहितात ते मला पाठ आहे. मी जेवले नाही. फोन उशाशी ठेवून आडवी झाले.

सोमवारी सकाळी रेल्वे पन्नास मिनिटं उशिरा आली. नसीमा स्टेशनवर होती, अल्फियाला, तिच्या मुलीला, घेऊन. सलीमने मुलीला उचललं, बॅगा डिकीत ठेवल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला. नसीमा म्हणाली, मी चालवते. त्याने हात खिशात घातला. मग मुलीजवळ मागे बसला. अंगणात उतरल्यावर त्याने विचारलं, लायसन कधी काढलंस? तिने महिना सांगितला. तो आंघोळीला गेला. हे तिने मला साडेदहाला फोनवर सांगितलं, हळू आवाजात. तोपर्यंत तो दुसरं काही बोलला नव्हता.